जुन्या जीपचा चेंबर उतरवताना

रात्रभर उभ्या असलेल्या जुन्या जीपखाली सकाळी तेलाचा डाग दिसला की पहिला संशय चेंबरच्या पॅकिंगवर जातो. रविवारी गाडी जॅकवर चढते, ऑइलचा चेंबर खाली येतो, नवं पॅकिंग बसतं आणि पंधरवड्यात डाग पुन्हा त्याच जागी उमटतो. यात पॅकिंगचा दोष क्वचितच असतो. गळती नेमकी कुठून आहे हे न पाहताच चेंबर उतरवलेला असतो, नाहीतर उतरवल्यावर त्याच्या वाकलेल्या पत्र्याकडे, तळाच्या गाळाकडे आणि आत लटकणाऱ्या फ्लोटकडे कुणी लक्ष दिलेलं नसतं. बोल्ट सोडणं आणि आवळणं हा या कामातला सगळ्यात हलका भाग. चेंबर खाली आला की इंजिनाची खालची बाजू कित्येक वर्षांनी उघडी पडते. ती घाईने झाकू नका, हेच मला सांगायचं आहे.

इथे डोळ्यांसमोर आहे ती चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी विलीज घराण्यातली जीप. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीमध्ये ‘गो डेव्हिल’ इंजिन होतं. १९५३ साली आलेल्या सीजे-३बी मॉडेलमध्ये ‘हरिकेन’ आलं, आणि ते उंच असल्यामुळे त्या गाडीचं बॉनेटही उंच झालं. महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे हीच उंच बॉनेटची जीप आपल्याकडे वर्षानुवर्षं बनत राहिली. दोन्ही इंजिनांचा बोअर ७९.४ मिलिमीटर, स्ट्रोक १११.१ मिलिमीटर आणि क्षमता २,१९९ सीसी. फरक आहे तो वरच्या बाजूला. गो डेव्हिलचे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, हरिकेनचा इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये गेला. खालची बाजू, म्हणजे तीन मेन बेअरिंगचा क्रँक, बाहेरून बसवलेला ऑइल पंप आणि चेंबरमधला फ्लोट, ही दोन्हींत जवळपास सारखीच. कित्येक जीपमध्ये नंतर डिझेल इंजिन बसवलं गेलं. तुमच्या गाडीत ते असेल तर पत्र्याचं आणि पॅकिंगचं पुढचं विवेचन उपयोगी पडेल, फ्लोटचं नाही.

आधी गळतीचा माग काढा. तेल नेहमी खाली ओघळतं आणि गाडी चालताना वारा त्याला मागे लोटतो. टॅपेटच्या बाजूच्या झाकणातून, पेट्रोल पंपाच्या किंवा ऑइल पंपाच्या जोडातून, पुढच्या पुलीमागच्या सीलमधून, कुठूनही तेल निघालं तरी ते चेंबरच्या कडेवर येऊन तिथल्या सर्वांत खालच्या बोल्टवरून ठिबकतं. म्हणून इंजिन बाहेरून डिझेल आणि ब्रशने स्वच्छ धुवा, पुसून कोरडं करा आणि चेंबरच्या कडेवर, तिच्या वरच्या ब्लॉकवर साधी टाल्कम पावडर उडवा. गाडी दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणा आणि बॅटरीच्या उजेडात पाहा. पांढऱ्या पावडरीवर तेलाची ओली रेघ कुठून सुरू होते ते लगेच दिसतं.

बेल हाउसिंगच्या तळाला एक भोक असतं. थेंब तिथून पडत असेल तर चेंबरचं पॅकिंग कितीदा बदललं तरी काही होणार नाही. ते तेल क्रँकच्या मागच्या सीलमधून येतंय किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडातून. बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र दर्प असतो, इंजिन ऑइलला नसतो. आणखी एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. इनलेट मॅनिफोल्डवर क्रँककेसमधली वाफ ओढून घेणारा छोटा व्हेंटिलेशन व्हॉल्व्ह असतो. तो काजळीने चोंदला की आतला दाब वाढतो आणि इंजिन प्रत्येक जोडातून तेल बाहेर ढकलतं. तो काढून साफ करायला फार वेळ लागत नाही. कधी कधी एवढ्यानेच गळती थांबते आणि चेंबरला हात लावायची वेळच येत नाही.

चेंबर उतरवायचाच असं ठरलं, तर गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्या. पुढून उचलून घोड्या चेसिसच्या दांड्यांखाली लावा, ॲक्सलखाली नको. चेसिस उचलली की पुढचा ॲक्सल पाट्यांवर खाली लोंबतो आणि चेंबर काढायला हवी ती जागा मोकळी होते. विटांच्या थरावर किंवा नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्स्फर केसच्या मागे, शाफ्टवर धरतो. त्यामुळे मागचं एक चाक जरी जमिनीवरून सुटलं तरी डिफरन्शियलमुळे त्याची पकड जाते. म्हणून मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडाचे ओंडके लावाच. बॅटरीची अर्थची तार काढून ठेवा. हात क्रँकजवळ असताना कुणाचा पाय चुकून स्टार्टरवर पडायला नको.

पाने इंची मापाचेच घ्या. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यामुळे १३चा पाना अशा डोक्यावर बसतो खरा, पण घट्ट बोल्टवर जोर लावला की डोक्याचे कोपरे खातो. मग तो बोल्ट काढायला छिन्नी-हातोडी लागते. सहा कोनी गोटी, रॅचेट आणि लांब एक्स्टेन्शन असेल तर निम्मं काम सोपं होतं. आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशने बोल्टांची डोकी घासून त्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं.

इंजिन कोमट असताना ऑइल काढा. गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून आणली की गाळ तेलात मिसळतो आणि त्याच्याबरोबर वाहून जातो. मात्र उकळत्या तेलाखाली हात धरू नका, हातमोजे घाला. या इंजिनात फिल्टर सोडून सुमारे पावणेचार लिटर आणि फिल्टर धरून पावणेपाच लिटर ऑइल बसतं, त्यामुळे खाली ठेवलेलं घमेलं निदान सहा लिटरचं असू द्या. किती ऑइल निघालं ते मोजा. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसत असेल आणि तेलाला पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पंपाचा पडदा फाटलेला असण्याची शक्यता मोठी आहे. हा पंप ब्लॉकवरच बसतो आणि पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगची वाट लावतं. तो पंप दुरुस्त होईपर्यंत बाकीच्या कामाला अर्थ नाही.

काही गाड्यांत चेंबरखाली संरक्षक पत्रा असतो, काहींत बेल हाउसिंगच्या तळाशी झाकणी असते. ते आधी काढा. मग चेंबरचे बोल्ट एकेक करून सोडा आणि पुठ्ठ्यावर चेंबरच्या आकाराची रेघ ओढून ज्या जागचा बोल्ट त्या जागी टोचून ठेवा. सगळ्यांची लांबी सारखी असेलच असं नाही, आणि लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तो तळाला टेकतो, पॅकिंग मात्र सैलच राहतं. पुढचा एक आणि मागचा एक बोल्ट चार-पाच आट्यांवर तसाच ठेवा, म्हणजे चेंबर एकदम अंगावर येणार नाही. जुनं पॅकिंग ब्लॉकला घट्ट चिकटलेलं असतं. इथे स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटायचा मोह होतो, तो टाळा. पत्र्याची कड एकदा वाकली की गळती कायमची मागे लागते. लाकडी किंवा रबरी हातोडीने चेंबरच्या बाजूंवर सगळीकडून हलके ठोके द्या. तरी सुटत नसेल तर पुट्टी भरायची पातळ पट्टी कडेने सरकवा. शेवटचे दोन बोल्ट काढताना खालून एका हाताचा आधार द्या. आत अजून पेलाभर तेल असतं. चेंबर सरळ खाली न ओढता थोडा तिरका करून काढा, कारण आत फ्लोट लटकलेला असतो आणि तो अडकला तर त्याची कांब वाकते.

चेंबर हातात आला की लगेच धुवायला नेऊ नका. उन्हात ठेवून तळाला काय बसलंय ते आधी बघा. इंजिनाच्या प्रकृतीबद्दल एवढी माहिती दुसरीकडे कुठे मिळत नाही.

बोटभर जाडीचा काळा, लोण्यासारखा मऊ गाळ हा जवळपास प्रत्येक जुन्या जीपमध्ये सापडतो. गाडी कमी चालते, चालली तरी दोन-चार किलोमीटर, इंजिन पुरतं तापत नाही आणि आतली वाफ पाणी होऊन तेलात राहते. आपल्याकडे पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तर हे हमखास. गाळ पिवळट-पांढुरका, फेसाळ असेल तर पाणी जास्त आहे. व्हेंटिलेशन व्हॉल्व्ह बघा, आणि रेडिएटरमधलं पाणीही कमी होत असेल तर हेड गास्केट. गाळ लाकडी चमच्याने बाजूला काढा आणि दोन बोटांत चोळा. खरखर लागली तर वाळू-माती आत जातेय, बहुधा एअर क्लीनरच्या वाटेने. जीपचा एअर क्लीनर तेलाच्या वाटीचा असतो आणि त्यातलं तेल बदलायचं बहुतेक जण विसरतात.

मग गाळातून लोहचुंबक फिरवा. चुंबकाला काळी बारीक लव चिकटली तर घाबरायचं कारण नाही, इतक्या वर्षांत रिंगा आणि सिलिंडर झिजणारच. पण चुंबकाला तुकडे चिकटले, तर ते कशाचे हे कळल्याशिवाय चेंबर परत बसवू नका. जे चिकटत नाही ते आणखी महत्त्वाचं. नखाने दबणारे मऊ, करडे, चकचकीत पापुद्रे म्हणजे बेअरिंगचा व्हाइट मेटल. कडक रुपेरी कण बहुतेक पिस्टनचे. आणि तपकिरी, लाकडाच्या भुशासारखा चुरा सापडला तर टायमिंग गिअरकडे वळा. हरिकेन इंजिनात कॅमशाफ्टचा गिअर आवाज कमी व्हावा म्हणून दाबलेल्या फायबरचा असतो. जुना झाला की त्याचे दात चुरा होऊन गळतात, आणि एक दिवस कॅम फिरायचा थांबतो. चेंबरमधला तो तपकिरी चुरा ही त्याची आगाऊ सूचना असते. हे सगळं पाहून झालं की पांढऱ्या कागदावर थोडा गाळ आणि सापडलेले कण ठेवून फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी चेंबर उघडाल तेव्हा तुलनेला उपयोगी पडतो.

आता वर बघा. ब्लॉकच्या खाली जाळीचा, पोकळ पत्र्याचा फ्लोट एका नळीवर लटकलेला दिसेल. अनेक गाड्यांत तेल ओढणारी जाळी तळाशी एका जागी पक्की असते. या इंजिनात मात्र ती तेलावर तरंगते आणि वरच्या थरातलं स्वच्छ तेल पंपाकडे देते, तळाचा गाळ तळालाच राहतो. रचना इतकी शहाणपणाची आहे की ती नीट ठेवणं हे मालकाचं कर्तव्यच म्हणायला हवं. पोकळ फ्लोटला बारीक चीर गेली की त्यात तेल शिरतं, तो बुडतो आणि नेमका गाळच ओढू लागतो. बाहेर डायलवर ऑइलचा दाब हळूहळू कमी होताना दिसतो आणि लोक पंप बदलतात.

फ्लोट काढायला स्प्लिट पिन ओढली की झालं. कानाजवळ धरून हलवा. आत तेल डुचमळलं तर तो फुटलेला आहे. खात्री करायची तर कढत पाण्यात बुडवा, आतली हवा तापते आणि चिरेतून बुडबुडे येतात. जाळी रॉकेलमध्ये भिजवून मऊ ब्रशने साफ करा, तिच्या घरात पापुद्रे अडकलेले असतात. ज्या आधारावर फ्लोट लटकतो तो दोन बोल्टांनी ब्लॉकला बसवलेला असतो आणि मध्ये लहानसं पॅकिंग असतं. हे पॅकिंग प्रत्येक वेळी नवं घाला. ते वाळलं तर पंप तिथून हवा ओढतो. बाहेर तेलाचा एक थेंब दिसत नाही, दाब मात्र डळमळत राहतो. परत बसवल्यावर फ्लोट बोटाने वर-खाली करून पाहा, कुठेही न अडखळता हलला पाहिजे. स्प्लिट पिन नवीच लावा. जुनी पिन सरळ करून पुन्हा वाकवली की तिथेच तुटते.

कनेक्टिंग रॉड एकेक हाताने धरून वर-खाली हलवून पाहा. बाजूला थोडी हालचाल असणारच, पण उभ्या दिशेने टक्क असा आवाज आला तर बेअरिंग झिजलेली आहेत. कॅप उघडायच्याच असतील तर सर्व्हिस मॅन्युअल आणि टॉर्क रेंच जवळ ठेवून, आणि प्रत्येक कॅप ज्या रॉडची त्याच रॉडवर त्याच बाजूने बसेल अशी खूण करून. ते जवळ नसेल तर हे काम इंजिन बांधणाऱ्या मेस्त्रीवर सोपवावं.

चेंबर डिझेलने धुवा. पेट्रोलने कधीही नको, बंद गॅरेजमध्ये त्याची वाफ एका ठिणगीने पेटते. कड खरवडून जुन्या पॅकिंगचा कण न् कण काढा. ब्लॉकची बाजू खरवडताना वरचा क्रँक स्वच्छ फडक्याने झाका. आता चेंबरची कड जाड काचेवर किंवा सपाट टेबलावर पालथी ठेवून उजेडासमोर धरा. आजवर ज्यांनी ज्यांनी जोर लावून बोल्ट आवळले, त्या प्रत्येकाने भोकाभोवतीचा पत्रा वर खेचलेला असतो. भोकं उंच आणि मधली जागा खोल, अशा कडेवर उत्तमातलं पॅकिंगही मधल्या जागी सैल राहतं. कडेखाली लोखंडाची जाड सपाट पट्टी धरा आणि गोल तोंडाच्या हातोडीने प्रत्येक भोकाभोवतीचा उंचवटा हलक्या हाताने बसवा. काचेवर पुन्हा पाहा. कड सगळीकडे टेकेपर्यंत हे करत राहा. गळती थांबवणारं खरं काम हेच, आणि गॅरेजमध्ये घाईच्या दिवशी नेमकं हेच होत नाही. ड्रेन प्लगचे आटेही याच वेळी तपासा आणि त्याचं वायसर नवं घाला.

पॅकिंग कॉर्कचं मिळतं. दुकानात कोरड्या हवेत पडून ते आखडतं आणि भोकं जुळत नाहीत. ताणू नका, फाटेल. ओल्या फडक्यात तासभर गुंडाळून ठेवलं की मूळ मापावर येतं. शेलॅकचा किंवा चांगल्या सीलंटचा पातळ हात फक्त चेंबरच्या बाजूला द्या, ब्लॉकची बाजू कोरडी ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी सोडवणारा तुम्हाला दुवा देईल. ट्यूब पिळून जाड थर देऊ नका. आतल्या बाजूला सुटलेला सीलंटचा तुकडा फ्लोटच्या जाळीत जाऊन बसतो. मागच्या मेन बेअरिंगच्या कॅपच्या दोन्ही बाजूंना रबराच्या पट्ट्या असतात. त्या किंचित बाहेर आलेल्या असाव्यात. पूर्ण कापून सपाट केल्या तर चेंबर त्यांना दाबू शकत नाही आणि कोपऱ्यातून तेल येतं. त्या कोपऱ्यात मात्र सीलंटचा एक ठिपका हवाच.

एकट्याने चेंबर वर लावताना पॅकिंग सरकतं. त्याला एक जुना उपाय आहे. चार-सहा भोकांतून सुती दोरा ओवून पॅकिंग चेंबरला बांधा, बाकीचे बोल्ट हाताने लागले की दोरे कापून ओढून घ्या. फ्लोट चेंबरच्या पोटात अलगद गेला याची खात्री करा. सगळे बोल्ट स्प्रिंग वायसरसह आधी बोटांनी फिरवा, मग मधून कडांकडे, एक या बाजूचा एक त्या बाजूचा असे आवळत जा. दोन-तीन फेऱ्यांत थोडं थोडं. लांब दांड्याचा पाना इथे नको. कॉर्क बाहेरून जेमतेम फुगलेलं दिसलं की थांबा. त्यापुढे आवळलं तर ते चिरडतं, पत्रा पुन्हा वाकतो, आणि आत्ताच ठोकून सरळ केलेलं सगळं वाया जातं.

ऑइल भरा, आपल्या हवेत २०डब्ल्यू-४० या इंजिनांना मानवतं. लगेच स्टार्ट करू नका. पंप बाहेर आणि उंचावर असल्यामुळे इतक्या वेळात तो कोरडा झालेला असतो. कॉइलची तार काढून ठेवा, स्पार्क प्लग काढा आणि हँडल मारून किंवा स्टार्टरने थांबून थांबून इंजिन फिरवा. डायलचा काटा हलला की तेल वर पोचलं. बराच वेळ फिरवूनही काटा जागचा हलत नसेल तर फ्लोटच्या आधाराचं पॅकिंग किंवा पंप पाहायला हवा, गाडी तशीच चालू करून बघू नये.

जुनं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्यात ओतू नका. ते विहिरीच्या पाण्यापर्यंत पोचतं आणि कायद्यानेही तो घातक कचरा आहे. डब्यात भरून पुनर्प्रक्रियेसाठी पाठवणाऱ्या गॅरेजला द्या. गाळाची फडकीही उघड्यावर टाकू नका.

इंजिन गरम होऊन थंड झाल्यावर दुसऱ्या दिवशी बोल्टांवर पुन्हा पाना फिरवा, कॉर्क बसल्यामुळे काही बोल्ट सैल झालेले आढळतील. दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाहा. गाळ बराच निघाला असेल तर हे ऑइल नेहमीइतकं चालवू नका, हजार किलोमीटरच्या आतच बदला, कारण वरच्या बाजूला चिकटलेला गाळ नव्या तेलाबरोबर सुटून खाली येत राहतो. बदलताना ते पांढऱ्या प्लास्टिकच्या घमेल्यात काढा आणि पुन्हा एकदा चुंबक फिरवा.